हवेतला गिअर

गाडी डावीकडे वळली की माझं उजवं ढुंगण सोफ्यावरून उचललं जातं. गाडी म्हणजे टीव्हीवरची, शर्यतीच्या गेममधली. तिचा आणि माझ्या ढुंगणाचा काही संबंध नाही, तरी ते उचललं जातं. शिवाय जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर येते आणि पूल आला की मी मान खाली घालते, पूल डोक्याला लागू नये म्हणून. हे सगळं बाबांनी सांगितलं तेव्हा मला कळलं. मी अर्थातच भांडले. मग आईने मोबाईलवर शूटिंग करून दाखवलं. छत्तीस वर्षांची, विमा कंपनीत नोकरी करणारी बाई, जीभ बाहेर काढून एका अंगावर कलंडलेली.

नायगावला खाडीच्या अंगाला जे नवे टॉवर झालेत, त्यातल्या एकात चौदाव्या मजल्यावर आम्ही तिघं राहतो. आई, बाबा आणि मी. गेम माझ्या ऑफिसातल्या एकाचा होता. तो कॅनडाला गेला आणि जाताना मला देऊन गेला. माझं लग्न झालेलं नाही, करायचं राहिलं म्हणा. संध्याकाळी घरी येऊन आई-बाबांच्या मालिका बघत बसण्यापेक्षा हे बरं, एवढाच माझा विचार होता. आठवड्याभरात दोघांनी मालिका सोडल्या आणि माझ्या शेजारी येऊन बसायला लागले.

आई स्वतः कधी खेळली नाही. ती नुसती बसून ब्रेक मारायची. उजवा पाय फरशीवर असा दाबायची की पायाची बोटं पांढरी पडायची. वळण अवघड आलं की माझं कोपर धरायची आणि मग गाडी हमखास कठड्यावर.

"मी कुठे काय केलं?"

"तू माझा हात धरलास."

"मी नाही बाई धरला."

हे बोलतानाही धरलेलाच असायचा.

पण खरी मजा बाबांची. बाबांनी तेहतीस वर्षं टेम्पो चालवला होता. वसईच्या होळी भागातल्या वाड्यांवरून भाजी, केळी, मोगऱ्याच्या करंड्या भरायच्या आणि सकाळच्या बाजाराला दादरला पोचवायच्या. टेम्पो विकून सात वर्षं झाली होती, पण त्यांच्या शरीराला ते कुणी कळवलं नव्हतं. गेमच्या रिमोटवर गाडी वळवायची कळ डाव्या अंगठ्याखाली असते. बाबा मात्र वळणाच्या आधी डावा हात रिमोटवरून काढायचे, गुडघ्याजवळ हवेत मूठ धरायचे आणि गिअर टाकायचे. डाव्या पायाने क्लच दाबून, रीतसर. तोवर गाडी वळायची राहून सरळ भिंतीत जायची. "गिअर आपोआप पडतो हो बाबा," मी शंभरदा सांगितलं असेल. "हो, ठाऊक आहे," म्हणायचे आणि पुढच्या वळणाला हात पुन्हा खाली.

गाडी भिंतीतून मागे घ्यायची वेळ आली की उजवा अंगठा कळीवर ठेवून, डावा हात सोफ्याच्या पाठीवर टाकून, कमरेतून वळून मागे बघायचे. मागे आमचं स्वयंपाकघर. ओट्याशी आई. टीव्हीकडे पाठ करून, आईकडे टक लावून ते गाडी मागे घ्यायचे.

"माझ्याकडे काय बघताय?"

"मागं घेतोय."

मागून कुणी वेगाने आलं की उजवा हात बाहेर काढून "जा बाबा, जा" करून साईड द्यायचे. शर्यतीत! आणि एका परदेशी गावातल्या रस्त्यावर दगडी चर्च यायचं, तिथे न चुकता हात छातीला आणि कपाळाला. आमचे बाबा पक्के गणपतीवाले. पण वसईच्या रस्त्यांवर जेवढी देवळं, जेवढी चर्च, जेवढे क्रूस, तेवढ्या सगळ्यांना हात करत त्यांनी टेम्पो हाकला होता आणि कुणाला वगळायचं हे त्या हाताला शिकवलं नव्हतं. आम्ही दोघी पोट धरून हसायचो. बाबा कधीच पहिले आले नाहीत. ते शेवटून दुसरे आले तरी आई त्यांना चहा करून द्यायची.

हे दीड वर्ष चाललं.

मग एका सकाळी बाबा पलंगावरून उठताना डाव्या अंगावर पडले. आईला वाटलं पाय घसरला. मलाही तेच वाटलं. त्यांनीच विचारलं, "माझा हात कुठंय?" हात त्यांच्या अंगाखाली होता. आम्ही तो काढून त्यांच्या मांडीवर ठेवला, तर तो मांडीवरून खाली पडला.

हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा त्यांची वाचा शाबूत होती, समज शाबूत होती. डावा पाय हळूहळू थोडा ऐकायला लागला, काठी आणि आईचा खांदा धरून ते संडासापर्यंत जायचे. हात नुसता लोंबत होता. व्यायाम करून घ्यायला वसईतल्या एका ख्रिस्ती वाडीतली मुलगी स्कूटरवरून येऊ लागली, आठवड्यातून तीन सकाळी. आम्ही तिला मॅडम म्हणायचो, ती बाबांना अंकल म्हणायची. पहिल्याच दिवशी तिने बजावलं, "हाताखाली उशी ठेवायची. तळवा वर, बोटं उघडी. अंकल, जोर लावायचा नाही हां. आणि बॉल दाबायला देऊ नका, सगळे देतात." एका नातेवाइकाने रबरी बॉल आणलाच होता. मी तो तिच्यादेखत कचऱ्यात टाकला. आम्ही किती शहाण्या आहोत हे तिला दिसावं असं मला वाटत होतं.

बाबा बोलायचे कमी झाले. दिवसभर बाल्कनीत खुर्चीवर बसून खालच्या रस्त्याकडे बघत राहायचे. पलीकडे खाडी, पण तिकडे त्यांचं लक्ष नसायचं. मध्येच म्हणायचे, "फार लवकर तिसरा टाकला त्याने." चौदाव्या मजल्यावरून त्यांना कुणाचा गिअर कधी पडला ते ऐकू यायचं. मी ते ऐकून आत जायचे आणि उगीच भांडी लावत बसायचे.

एका हाताने रिमोट धरता येत नाही. म्हणून मी गेमला लावायचं छोटं स्टीअरिंग आणलं. जेवणाच्या टेबलाच्या कडेला ते दोन स्क्रूंनी आवळून बसवलं आणि गाडी आपोआप पळेल, माणसाने नुसती वळवायची, अशी सोय करून दिली. बाबांनी उजवा हात स्टीअरिंगवर ठेवला आणि किती दिवसांनी त्यांची पाठ खुर्चीला न टेकता सरळ झाली. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी ते झालं. डोंगरातला रस्ता होता, वळणावर वळण. बाबा उजव्या हाताने स्टीअरिंग दामटवत होते, दात आवळलेले, आणि मांडीवरचा डावा हात हलला. कोपर वाकलं, मूठ मिटली आणि हात पोटापर्यंत वर आला. वळण संपलं तसा हळूहळू खाली गेला.

"गिअर!" आई ओरडली. "अगं, गिअर टाकला यांनी!"

पुढच्या वळणाला पुन्हा. आम्ही दोघींनी टाळ्या पिटल्या. आईने बाबांचा तो हात उचलून स्वतःच्या गालाला लावला. बाबा हाताकडे बघत होते, हसत नव्हते. मला वाटलं, त्यांचा विश्वास बसत नसेल.

माझ्या मनात एक शंका आलीच होती. बाबा पूर्वी हवेत गिअर टाकायचे तो खाली, गुडघ्याशी. हा हात तर वर येत होता. मी आईला तसं म्हटलं. आई म्हणाली, "अगं, पहिला टेम्पो विसरलीस का? त्याचा गिअर स्टीअरिंगलाच होता, वर. तू लहान होतीस. हाताला जुनं आधी आठवतंय." मला हे इतकं पटलं की मी ऑफिसात जेवायच्या सुट्टीत त्यावर विचार करत बसायचे. आधी जुना टेम्पो आठवेल, मग नवा, मग हात खाली गुडघ्याशी जाईल, मग एक दिवस चहाचा कप. दुसऱ्या कुठल्या घरात हा मूर्खपणा झाला नसता. तिथे हात वर आला असता तर माणसांनी डॉक्टरांना विचारलं असतं. आमचं ड्रायव्हरचं घर, आम्हाला गिअर दिसला.

आणि आई म्हणाली, कुणाला सांगायचं नाही. नजर लागते. हात पुरता सुधारला, सांगितल्यावर वर यायला लागला की मगच बोलायचं, तोवर गावाला, शेजारी, कुणाला नाही. "मॅडमलापण?" मी विचारलं. आई म्हणाली, "तिलापण. एकदम दाखवू. किती खूश होईल पोर." मीही हो म्हटलं. मी शिकलेली, नजरबिजर न मानणारी, मी हो म्हटलं.

मग रोज संध्याकाळी सहा ते सात शर्यत. मी ऑफिसातून लवकर निघायचे. मुद्दाम वळणांचे रस्ते लावायचे, कारण सरळ रस्त्यावर हात येत नव्हता. तो किती वर येतो ते आम्ही शर्टाच्या बटणांवर बघायचो. आधी खालचं बटण, मग त्याच्या वरचं, दीड महिन्याने छातीवरचं. मी रोज शूटिंग करायचे. जितकं अवघड वळण, जितका बाबांचा जोर, तितका हात वर, तितक्या आमच्या टाळ्या.

सकाळी मॅडम यायची आणि तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "अंकल, हात कडक का होतोय? बॉल-बिल दाबता का?"

"नाही," बाबा म्हणायचे.

"ताई, कुणी देतं का?"

"छे," मी म्हणायचे आणि आई माझ्याकडे बघून डोळे मिचकवायची.

शर्टाची डावी बाही घालायला वेळ लागायला लागला. नखं कापायची तर बोटं उघडेनात, आईला एकेक बोट उचकटून धरावं लागायचं. मिटलेल्या तळव्याला वास यायला लागला, आम्ही तो कोमट पाण्याने पुसायचो, पावडर लावायचो. हे सगळं दिसत होतं आणि संध्याकाळचा तो वर येणारा हातही दिसत होता. तो एकच हात होता हे आमच्या डोक्यात शिरलं नाही.

अडीच महिन्यांनी एका शुक्रवारी मी घरूनच काम करत होते. मॅडम बाबांची बोटं उघडायला बसली होती. बराच वेळ लागला. शेवटी ती उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला आली, तेव्हा तिचं तोंड इतकं उतरलेलं होतं की मला राहवेना. म्हटलं, हिला आत्ताच सांगू. आई देवळात गेली होती, तिला विचारायचा प्रश्न नव्हता. मी मोबाईल काढला आणि आदल्या संध्याकाळचं शूटिंग तिच्या हातात दिलं.

तिने ते एकदा बघितलं. मग टाळ्यांचा आवाज बंद करून पुन्हा बघितलं.

"ताई," ती हळू म्हणाली, "हे अंकल करत नाहीयेत."

"मग कोण करतंय?" माझा आवाज चढला होता.

"कुणीच नाही. उजव्या हाताने जोर लावला की डावा आपोआप आखडतो. मेंदूचा ताबा सुटला की होतं असं. जांभई आली तरी वर जाईल बघा. तो चांगला होत नाहीये, कडक होतोय."

"म्हणजे आमच्यामुळे?"

"तसं नाही म्हणत मी. कदाचित असंही झालं असतं. पण रोज तासभर..." ती थांबली. "मला सांगायला पाहिजे होतं ना, ताई."

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने फक्त गेम बंद करा म्हणून सांगितलं, हाताला बांधायची पट्टी लिहून दिली आणि डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या म्हणाली. आज त्याला आठ महिने झाले. डॉक्टरांना दाखवलं, पट्टी बांधली, इंजेक्शनं झाली आणि हात अजून मिटलेलाच आहे. त्यामुळे ते "कदाचित" मला सोडत नाही. झालंच असतं की आम्ही केलं, हे मला कुणीही सांगू शकत नाही आणि मी मरेपर्यंत हे मला कळणार नाही.

त्याच शुक्रवारी दुपारी बाबांना जांभई आली. मी समोरच होते. त्यांचा डावा हात उठला, मूठ वळली आणि शर्टाच्या छातीवरच्या बटणापर्यंत गेला. जांभई संपली, हात खाली आला. टीव्ही बंद होता.

आईला मी सगळं सांगितलं. ती स्वच्छ ओटा पुन्हा पुसत राहिली आणि मग म्हणाली, "मीच म्हटलं, गप्प राहा." मी तिला समजवायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तिचा राग आला होता, स्वतःचा आला होता तितकाच. आम्ही ठरवलं की बाबांना यातलं काही कळू द्यायचं नाही. स्टीअरिंग बिघडलंय म्हणून सांगायचं आणि काढून ठेवायचं.

सहा वाजता बाबा काठी टेकत आपले आपण टेबलाशी येऊन बसले आणि उजवा हात स्टीअरिंगवर ठेवला.

"आज नको बाबा. बिघडलंय ते."

"काय बिघडलंय?"

तेहतीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला गाडीत काय बिघडलंय ते नीट सांगावं लागतं.

"स्वयंपाकघराला दार नाही, बाय," बाबा म्हणाले. "मॅडम काय बोलली ते मी ऐकलंय."

आई खुर्चीवर बसली. मी म्हटलं, "बाबा, आम्हाला माहीत नव्हतं हो."

"मला होतं."

"काय होतं?"

"गिअर पडला की हाताला कळतं गं. खटका लागतो, पार कोपरापर्यंत. इथं पहिल्या दिवसापासून काहीच लागलं नाही. हात वर जायचा आणि मी तुमच्यासारखाच बघत बसायचो."

"मग बोलला का नाहीत?" मी ओरडले. आजारी माणसावर ओरडू नये हे मला समजतं, पण मी ओरडले. "अडीच महिने! आम्ही टाळ्या वाजवत होतो! एका शब्दाने सांगितलं असतं तर..."

"तर हे काढून घेतलं असतंत."

खाली रस्त्यावर कुणीतरी गिअर बदलला, मला पहिल्यांदाच तो ऐकू आला.

"दिवसाचा एक तास मी गाडी चालवत होतो," बाबा म्हणाले. "बाकी तेवीस तास तुम्ही मला इकडून तिकडे ठेवता. डावा गेलाच आहे. उजव्याचं तरी काढून घेऊ नको, बाय."

बाबांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. माझ्या पगारातलं नाही, माझ्या लग्नाच्या विषयात नाही. हे पहिलंच होतं. आणि मी टेबलाखाली वाकले, कारण मॅडमने बंद करा म्हणून सांगितलं होतं आणि मला आता आपल्या मनाने काहीही करायची भीती वाटत होती. पहिला स्क्रू सहज निघाला, दुसरा मी इतका आवळला होता की वेळ लागला. तोवर आई भिंतीकडे तोंड करून बसली होती.

मी उभी राहिले तेव्हा स्टीअरिंग सुटं झालं होतं, पण बाबांचा उजवा हात अजून त्याच्यावरच होता, घट्ट. मी म्हटलं, "बाबा, सोडा."

आणि त्या हाताची पाचही बोटं लगेच उघडली.